दुसऱ्या शनिवारी क्लबहाऊसमध्ये डेव्हलपर गट: व्याख्यानांना विषय सुचवा 🙏

नेहा, बी-४०२: नमस्कार मंडळी. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ क्लबहाऊस आमच्या डेव्हलपर गटाला द्यायला कमिटीने होकार दिलाय. आजवर आम्ही कोणाच्या ना कोणाच्या ऑफिसात जमायचो. शनिवारी तिथे एसी बंद, शिवाय गेटवर प्रत्येकाची झडती. आता पहिल्या तीन बैठकांचे विषय ठरवायचेत. फी नाही. ऐकायला कोणीही या, बोलायलाही. सुचवा.

पाटील, ए-२०३: बाहेरून गाड्या किती?

नेहा, बी-४०२: पाटीलदादा, बहुतेक दुचाकी. चारचाकीवाल्यांना बाहेर रस्त्यावर लावायला सांगितलंय.

पाटील, ए-२०३: लेखी द्या.

अमेय, डी-२०५: ताई मी बोलू का? क्युबरनेटीस आणि मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे मोठं सॉफ्टवेअर छोट्या तुकड्यांत चालवायची तंत्रं. ट्रेंडिंग आहे.

नेहा, बी-४०२: तू वापरलंयस का कुठे?

अमेय, डी-२०५: कोर्स केलाय 😅

नेहा, बी-४०२: मग नको रे. कोर्सचे व्हिडिओ सगळ्यांनाच मिळतात. शनिवारची झोप सोडून माणूस येतो तो तू स्वतः काय केलंस ते ऐकायला. मागे एकाने चाळीस स्लाइड दाखवल्या होत्या, शेवटच्या स्लाइडवर ‘आमची कंपनी भरती करतेय’. त्यानंतर पुढच्या महिन्यात निम्मे लोक आलेच नाहीत.

डी-८०२: आमच्या इन्स्टिट्यूटतर्फे एआयचं फ्री सेमिनार ठेवू का? फक्त शेवटी १० मिनिटं ॲडमिशनची माहिती.

नेहा, बी-४०२: दहा मिनिटं वगळून उरलेलं चालेल 🙂

डी-८०२: हा मेसेज डिलीट केला गेला.

देशपांडे, सचिव: सूचना. क्लबहाऊसमध्ये व्यावसायिक जाहिरात चालणार नाही. ठराव झालेला आहे. बाकी चालू द्या. नेहा, मला स्वतःला एक विचारायचंय. १९९८ पासून २००६ पर्यंतची आपली सगळी इतिवृत्तं एका सीडीवर आहेत. नव्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. फाइल खराब झाल्या का?

नेहा, बी-४०२: काका, फाइल चांगल्या आहेत. तेव्हाच्या फाँटमध्ये मराठी अक्षर असं साठवलंच जायचं नाही. साठवलं जायचं इंग्रजी अक्षर, आणि फाँट त्या जागी ‘क’चं चित्र काढायचा. फाँट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

देशपांडे, सचिव: मग अक्षराला अक्षर बदलून टाकायचं. ए म्हणजे अ.

नेहा, बी-४०२: तिथेच तर गंमत आहे. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सांकेतिक तक्त्यात, ती अक्षराच्या नंतर साठवतात. नुसती अदलाबदल केली की ‘स्थिती’चं ‘िस्थती’ होतं. वेबसाइटवरच्या जुन्या बातम्यांत बघितलं असेल तुम्ही.

शिंदे काकू, ए-६०४: बघितलंय! मला वाटायचं मुलांना शुद्धलेखन शिकवलंच नाही कोणी.

नेहा, बी-४०२: मुलांचा दोष नाही काकू 😄 बरं, वेलांटी एक अक्षर पुढे सरकवली तरी भागत नाही, ती अर्ध्या ‘स’वर जाऊन बसते. सगळी अर्धी अक्षरं ओलांडून पहिल्या पूर्ण अक्षरापर्यंत न्यावी लागते. रफाराचं बरोबर उलटं. ‘वर्गणी’ लिहिताना जुन्या फाँटमध्ये ‘ग’ आधी आणि रफार मागून. युनिकोडमध्ये ‘र्’ आधी. म्हणजे वेलांटी पुढे ढकला, रफार मागे ओढा, आणि ‘निर्मिती’सारखा शब्द आला की दोन्ही एकदम.

जोशी, सी-३०३: यावरच बोल की. पहिलं व्याख्यान हेच.

नेहा, बी-४०२: मी?

जोशी, सी-३०३: नाहीतर कोण. पुण्यात बसून दुसरीकडून माणूस कशाला आणायचा? १९८८ साली इथे सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली. लोकांना तिथला परम ८००० महासंगणक आठवतो, १९९१ चा. पण जिस्ट हे भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं कामही तिथेच वाढलं. आणि युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या सांकेतिक मानकावरूनच घेतलाय. हे सगळं आपल्या अंगणातलं आहे. आणि देशपांडे, ती सीडी तिला द्या. खरी फाइल समोर असली की लोक जागे राहतात.

देशपांडे, सचिव: इतिवृत्तात थकबाकीदारांची नावं आहेत.

इम्रान, बी-७०१: मग सीडी नकोच. पडद्यावर लावण्यासाठी दोन पानं वेगळी काढा, नावं बदलून. शेजाऱ्याची २००१ सालची थकबाकी प्रोजेक्टरवर नको 😂

पाटील, ए-२०३: २००१ ला माझी थकबाकी नव्हती. सांगून ठेवतो.

शिंदे काकू, ए-६०४: नेहा, मी ‘पायऱ्यांची दुरुस्ती’ शोधते तेव्हा काही सूचना सापडतात, काही नाही. शब्द तर तोच.

नेहा, बी-४०२: काकू, तुम्ही तर माझ्या व्याख्यानाचा उत्तरार्धच दिलात. ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना एकच, मशीनला दोन वेगळे शब्द. शोधण्याआधी दोन्हींना एका रूपात आणलं नाही तर निम्म्या पायऱ्या सापडत नाहीत.

अमेय, डी-२०५: आत्ता पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ‘पुणे’ची लांबी बघितली. ४ आली. दोनच अक्षरं आहेत ना?

इम्रान, बी-७०१: प, उकार, ण, मात्रा. आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीत, प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे १२. एसएमएसमध्ये प्रत्येकाला २ बाइट, पण तिथेही मराठी महागच पडतं. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यातही काना-मात्रा वेगळी मोजतात. ७१ वं आलं की दोन एसएमएसचं बिल.

देशपांडे, सचिव: तरीच! पाणी येणार नाही हे मराठीत कळवलं की बिल वाढतं. आणि मागच्या खजिनदारांना आपण उगाच बोललो.

शिंदे काकू, ए-६०४: ‘कृपया’ काढून टाका, सहा वाचतील.

इम्रान, बी-७०१: पाच, काकू. क, ऋकार, प, य, काना. आणि एक स्पेस. हो, सहाच 🙏

अमेय, डी-२०५: भाषा कुठली ठेवायची पण? टेक टॉक इंग्रजीतच असतात.

नेहा, बी-४०२: माझं स्पष्ट मत: बोलणाऱ्याला ज्या भाषेत भांडता येतं त्या भाषेत बोलावं. कोड पडद्यावर आहेच, तो काही मराठीत लिहायचा नाहीये. सर्व्हर, लूप, डेटाबेस हे शब्द तसेच राहू द्या, ‘संगणकीय विदागार’ वगैरे म्हणून लोकांना घाबरवू नका.

इम्रान, बी-७०१: माझ्या टीममधले बंगाली आणि तमिळ लोक येणार आहेत. त्यांचं काय?

नेहा, बी-४०२: स्लाइडवरचे चार शब्द इंग्रजीत, प्रश्न कुठल्याही भाषेत. आणि त्यांच्यापैकी कोणाला बोलायचं असेल तर खुशाल इंग्रजी किंवा हिंदी. नियम करत नाही, नाहीतर त्यावरच दोन तास जातील.

जोशी, सी-३०३: माझा विषय लिहून घे. वायटूके, म्हणजे वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवल्यामुळे २००० साल १९०० समजलं जाण्याचा घोटाळा. आम्ही त्या काळात कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत बुडालो होतो. लोकांना वाटतं १ जानेवारी २००० ला काही झालं नाही म्हणजे सगळा बागुलबुवा होता. झालं नाही कारण आधी दोन-तीन वर्षं बसून दुरुस्त केलं होतं. आणि सगळीकडे चार आकडी वर्ष केलंच नाही. खूप ठिकाणी पाचर मारली: वर्ष ५० च्या खाली असेल तर २० लाव, वर असेल तर १९. कुठे ५०, कुठे ३०, ज्याची त्याची मर्जी.

अमेय, डी-२०५: म्हणजे २०५० ला परत?

जोशी, सी-३०३: जिथे तो कोड अजून चालू असेल तिथे. दुसरी भानगड २९ फेब्रुवारीची. १०० ने भाग जाणारं वर्ष लीप नसतं एवढंच ज्याला ठाऊक, त्याचा प्रोग्राम २००० ला चुकला. ४०० ने भाग गेला तर लीप असतं. ज्याला १०० चा नियमही ठाऊक नव्हता त्याचा बरोबर चालला. अर्धवट शहाण्याचीच पंचाईत.

इम्रान, बी-७०१: काका, २०३८ पण जोडा ना. १९ जानेवारी २०३८, आपल्या वेळेने सकाळी ८:४४:०७. जुन्या सिस्टिम वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, तिथे तो ३२ बिटांचा आकडा संपतो, २,१४,७४,८३,६४७ वर. पुढच्या सेकंदाला घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये.

पाटील, ए-२०३: लिफ्टला काही होणार का?

इम्रान, बी-७०१: लिफ्टला तारीख कशाला लागते दादा. गेटवरची हजेरीची यंत्रं, कॅमेऱ्याचे जुने रेकॉर्डर, असल्या डब्यांचं बघायला लागेल.

जोशी, सी-३०३: गटांची परंपरा जुनी आहे बरं. १९७५ च्या ५ मार्चला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला गॉर्डन फ्रेंचच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. ॲपलचा सहसंस्थापक वॉझ्नियॅक तिथे जायचा. ॲपल-१ चे आराखडे त्याने तिथेच फुकट वाटले.

पाटील, ए-२०३: गॅरेजमध्ये म्हणजे पार्किंगमध्ये?? आपल्याकडे चालणार नाही.

देशपांडे, सचिव: पाटील, क्लबहाऊस दिलंय.

अमेय, डी-२०५: ताई मग माझा विषय राहिलाच. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. टाकीचं मीटर सोडलं तर.

नेहा, बी-४०२: कसलं मीटर?

अमेय, डी-२०५: डी विंगच्या गच्चीवरच्या टाकीत अल्ट्रासॉनिक सेन्सर लावलाय. आवाज पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून पातळी. ईएसपी३२ या छोट्या वायफाय चिपवर चालतो. फोनवर मेसेज येतो.

शिंदे काकू, ए-६०४: अरे! म्हणून तुझी आई टँकर यायच्या आधीच बादल्या भरते!

नेहा, बी-४०२: अमेय, क्युबरनेटीस विसर. हे बोल. सगळं नीट चाललं का लगेच?

अमेय, डी-२०५: छे. टाकीत वाफ धरते, सेन्सरवर थेंब जमतात, मग मधूनच टाकी रिकामी दाखवतो. आता सलग बरीच मापं घेऊन मधलं धरतो. सरासरी घेतली तर एक वेडं माप सगळं बिघडवतं. आणि टाकी काठोकाठ भरली की वेगळाच घोळ. पाणी सेन्सरपासून वीसेक सेंटीमीटरच्या आत आलं की त्याला मोजताच येत नाही. म्हणून तो झाकणापासून वर पाइपात बसवला.

नेहा, बी-४०२: झालं. वीस मिनिटं बोल, दहा मिनिटं प्रश्न. तो वेडा आकडा पडद्यावर दाखव. सेन्सर सोबत आण, बादलीत पाणी घेऊन तिथेच चालवू. क्लबहाऊसच्या वायफायवर विसंबू नकोस.

देशपांडे, सचिव: बादलीखाली फडकं. नवीन फरशी आहे.

शिंदे काकू, ए-६०४: बाकीच्या विंगना कधी?

अमेय, डी-२०५: काकू, आधी बोलू तर दे 😭

नेहा, बी-४०२: तर ठरलं असं. पहिल्या महिन्यात जुन्या फाँटमधून युनिकोड, मी. देशपांडे काका दोन पानं देतील, नावं बदलून. दुसऱ्या महिन्यात अमेयची टाकी. तिसऱ्यात जोशी काका, वायटूके ते २०३८. इम्रान, तू दर वेळी सुरुवातीला पाच मिनिटं, पहिल्यांदा एसएमएसचं बिल. सोसायटीबाहेरच्या लोकांची नावं आदल्या दिवशी गेटवर देते, फोन नंबर मात्र रजिस्टरमध्ये लिहायला लावू नका, कोणीही चाळतं ते.

देशपांडे, सचिव: मान्य. गणपतीच्या महिन्यात तालमी असतात, तेव्हा दुसरा शनिवार मिळणार नाही.

नेहा, बी-४०२: चालेल काका, त्या महिन्यात सुट्टी.

जोशी, सी-३०३: माझ्या लॅपटॉपला जुनी व्हीजीए पिन आहे. प्रोजेक्टरला लागेल का?

नेहा, बी-४०२: कन्व्हर्टर आणते काका. आणि फाँट मोठा ठेवा, मागच्या रांगेतून कोबोल दिसलं पाहिजे.

पाटील, ए-२०३: पार्किंगचं लेखी अजून आलं नाही.