दारू-तंबाखू वगळून म्युच्युअल फंड मिळतो का? (आईसाठी)

कोयनाकाठ (कराड)
आमच्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यात आई सगळ्यात पुढं होती. आता तिच्या पेन्शनमधनं छोटी एसआयपी चालू करायची म्हणून साधा निफ्टी इंडेक्स फंड (निफ्टीच्या यादीतल्या सगळ्या मोठ्या कंपन्या जशाच्या तशा घेणारा) दाखवला, तर तिनं कंपन्यांची यादी वाचायला लावली आणि आयटीसी म्हटल्यावर "ती सिगरेटवाली ना? मग नको" म्हणून विषयच संपवला. हे सगळं वगळणारे फंड असतात का, का नुसतं नाव गोंडस?

तंबोरा_मिरज
असतात की. पण ईएसजी (म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार बघून गुंतवणूक) लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका. सेबीनं (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) जुलै 2023 ला ईएसजी फंडांचे सहा प्रकार केले, त्यातला एक्सक्लूजन, म्हणजे नको ते धंदे वगळणारा, तुम्हाला पाहिजे. एसबीआयच्या फंडाच्या नावातच एक्सक्लूजनरी आहे बघा. बाकीच्या काही प्रकारात कंपनीला मार्क देऊन निवडतात, आणि गंमत म्हणजे पाणी, कार्बन, झाडं यात आयटीसीला मार्क चांगले पडतात, म्हणजे सिगरेट मागच्या दारानं परत आत. इंडेक्सच पाहिजे तर निफ्टी 100 ईएसजीच्या नियमात तंबाखू, दारू, जुगार आणि वादग्रस्त शस्त्रं बाद आहेत.

बेदाणा_तासगाव
टाटा एथिकल पण बघा, 1996 पासनं चालू आहे. तो इस्लामच्या शरिया नियमांवर चालतो त्यामुळं दारू-तंबाखू तर नाहीच पण व्याजाचा धंदा म्हणून बँका पण नाहीत, आणि जास्त कर्जवाल्या कंपन्या सुद्धा गाळतात. कोणत्याही धर्माच्या माणसाला घेता येतो. फक्त निफ्टीत साधारण एक तृतीयांश वजन बँका-फायनान्सचं असतंय, त्यामुळं बँका पळाल्या की हा मागं राहणार आणि आयटी-फार्मा पळाले की पुढं. दर महिन्याला निफ्टीशी तुलना करत बसायची सवय असेल तर डोकं फिरतंय, अनुभव आहे 😄

वाळव्याचा_गडी
लय भारी चाललंय, पण ऊस कुठं घालताय? कारखान्याच्या मळीचं स्पिरिट होतंय, त्यातलं थोडं पेट्रोलमध्ये आणि थोडं बाटलीत. एलआयसीची पॉलिसी असेल तर एलआयसीकडं आयटीसीचा मोठा हिस्सा आहे. आणि तुम्ही शेअर नाही घेतला तर दुसरा घेतोय, बाजारातल्या खरेदी-विक्रीचा पैसा कंपनीकडं जातच नाही, मग कंपनीला काय फरक पडला?

तंबोरा_मिरज
@वाळव्याचा_गडी कंपनी बंद पाडायला निघालेत कुठं ते? बाईला त्या धंद्याचा नफा नको एवढंच आहे, माळकरी माणूस खाटकाच्या दुकानात भागीदारी घेत नाही तसं. हे मात्र खरं की थोडी जास्त फी द्यावी लागते, ॲक्टिव्ह फंडाचा (ज्यात मॅनेजर स्वतः कंपन्या निवडतो) खर्च साध्या इंडेक्सपेक्षा जास्तच असतो.

कोयनाकाठ (कराड)
धन्यवाद सगळ्यांना. आईला वाचून दाखवलं. बँका नाहीत म्हटल्यावर "का बरं, माझी एफडी तिथंच आहे" म्हणाली त्यामुळं टाटावाला कटाप. उसाचं ऐकून गप्प बसली, मग म्हणाली ते तुझ्या बापाला विचार 😂 एक्सक्लूजनवाला घेतोय.

बेदाणा_तासगाव
डायरेक्ट प्लॅन घ्या, एजंटचं कमिशन वाचतंय. आणि पोर्टफोलिओ दर महिन्याला फंडाच्या साइटवर येतो, तो आईलाच वाचू द्या, तुमच्यापेक्षा कडक दिसतायत त्या.