एकच टॉर्पेडो लागून 'ताइहो' बुडाली कशी?

पानवेल्हाळ:
सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या, पॅसिफिकमधल्या नौदल लढायांवर जमेल तसं वाचतोय. मिडवेचं कोडं सुटलं. जपानी विमानवाहू जहाजांच्या हँगरमध्ये, म्हणजे डेकखाली विमानं ठेवायच्या जागेत, पेट्रोल आणि दारूगोळा भरलेली विमानं उभी होती, त्यात वरून बॉम्ब पडले, म्हणजे पुढचं सांगायलाच नको. पण फिलिपाइन समुद्राच्या लढाईपाशी गाडी अडली आहे.

ताइहो म्हणजे जपानची नवीकोरी विमानवाहू. ७ मार्च १९४४ ला नौदलात दाखल झाली. फ्लाइट डेकला चिलखत असलेली त्यांची ही पहिलीच. अॅडमिरल ओझावा यांचं ध्वजजहाज. १९ जूनला सकाळी तिला फक्त एक टॉर्पेडो लागतो आणि संध्याकाळच्या आत ती तळाशी! त्याच दिवशी शोकाकू ही दुसरी जपानी विमानवाहू बुडाली, पण तिला तीन-चार तरी लागले होते. मग ताइहोचं काय झालं? बांधणीच कच्ची होती का?

पेरिस्कोप:
टॉर्पेडो सोडले होते सहा. अमेरिकन पाणबुडी अल्बाकोरचा कप्तान ब्लँचर्ड नेम धरत होता आणि ऐन वेळी टॉर्पेडोचं गणित करणारं यंत्र रुसलं. शेवटी त्याने अंदाजानेच सगळे सोडले. चार हुकले. एकावर जपानी वैमानिक साकिओ कोमात्सुने आपलं विमान घातलं. तो नुकताच ताइहोवरून उडाला होता, पाण्यातली रेघ दिसताच सरळ खाली आला आणि टॉर्पेडोसकट गेला. उरलेला एक उजव्या बाजूला पुढे लागला. गंमत म्हणजे जहाज बुडाल्याचा अल्बाकोरला पत्ताच नव्हता. अमेरिकनांना ते कित्येक महिन्यांनी एका युद्धकैद्याकडून कळलं.

पंपरूमकाका:
बांधणीला बोल लावू नका. टॉर्पेडो लागल्यावरही ती २६ नॉट्सने पळत होती. जहाज पुढून थोडं खाली गेलं, तेवढंच. माझी नोकरी तेलवाहू जहाजांवर इंजिनियर म्हणून झाली, त्यामुळे या प्रकरणात माझं लक्ष टॉर्पेडोपेक्षा पुढच्या सहा तासांकडे जातं. सकाळी आठ-सव्वाआठला टॉर्पेडो, दुपारी अडीचला स्फोट. या मधल्या वेळात काय चाललं होतं ते बघा.

दणक्याने पुढची लिफ्ट (विमानं हँगरमधून डेकवर नेणारी) अडकली आणि विमानाच्या पेट्रोलची टाकी तडकली. लिफ्टच्या खड्ड्यात समुद्राचं पाणी शिरलं आणि त्यावर पेट्रोल तरंगायला लागलं. पण विमानं तर उडवायचीच होती! म्हणून खलाशांनी जेवणाची टेबलं आणि फळ्या टाकून डेकवरचं भोक बुजवलं. काम झपाट्याने केलं, त्याबद्दल शाबासकीच. पण खाली पेट्रोलचं डबकं आणि वर झाकण. त्यात हँगर चारी बाजूंनी बंद. वाफ जाणार कुठे?

मग डॅमेज कंट्रोलच्या, म्हणजे जहाजाचं नुकसान आवरायच्या कामावरच्या अधिकाऱ्याने हुकूम दिला की सगळे पंखे चालू करा, दारं उघडा, हवा खेळू द्या. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि इथेच घात झाला. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच पेटते. त्याहून जास्त असेल तर पेटायला प्राणवायू पुरत नाही. खड्ड्याजवळची दाट वाफ पंख्यांनी ओढून जहाजभर पसरवली, म्हणजे पातळ करून नेमकी पेटण्याजोगी केली. आणि ती नेली कुठे, तर जिथे मोटारी, स्विच, दिवे सगळं चालू होतं तिथे.

आमच्याकडे पंपरूममध्ये उतरायच्या आधी गॅस मोजायच्या मीटरची नळी पार तळाच्या पत्र्यापर्यंत सोडायची आणि मग आकडा वाचायचा. ही वाफ हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहते. वर उभं राहून सगळं ठीक वाटतं. नाकावर तर भरवसा ठेवायचाच नाही. थोड्या वेळाने नाकाला सवय होते, वास यायचा थांबतो आणि माणसाला वाटतं की गॅस गेला.

पानवेल्हाळ:
काका, मग त्यांनी काय करायला हवं होतं? आणि चिलखती डेक फुकटच गेला म्हणायचा?

पंपरूमकाका:
डेक वरून पडणाऱ्या बॉम्बसाठी होता, मार खालून आला. स्फोट झाला तेव्हा हँगरच्या भिंती बाहेर फुटल्या आणि तोच डेक वर उचलला गेला.

करायचं काय, तर वाफ बाहेर काढायची, आतल्या आत फिरवायची नाही. मागची लिफ्ट खाली घेऊन वारा खेळवायचा प्रयत्न झाला, हातोड्यांनी पोर्टहोलच्या (जहाजाच्या गोल खिडक्यांच्या) काचाही फोडल्या, पण फार उशिरा. अमेरिकन जहाजांचे हँगर बाजूंनी उघडे असत, तो मोठा फरक. त्यांनाही हा धडा फुकट मिळालेला नाही. ८ मे १९४२ ला कोरल समुद्रात त्यांची लेक्सिंग्टन ही विमानवाहू अशीच पेट्रोलच्या वाफेने गेली. त्यानंतर त्यांनी पेट्रोलच्या पाइपांत कार्बन डायऑक्साइड भरून ठेवायची पद्धत सगळीकडे नेली. आजच्या टँकरवर टाक्यांत इनर्ट गॅस (आग पेटू न देणारा वायू) भरून प्राणवायू ८ टक्क्यांच्या खाली ठेवतात, कल्पना तीच.

आरमारप्रेमी:
सगळं त्या एका अधिकाऱ्याच्या माथी मारू नका. इंधनही भिकार होतं. पाणबुड्या जपानचे टँकर बुडवत होत्या, म्हणून आरमार फिलिपाइन्समधल्या तावी-तावी बेटाला, बोर्निओच्या तेलाजवळ जाऊन बसलं आणि शुद्ध न केलेलं तेल तसंच बॉयलरना घातलं. ते लवकर वाफ धरतं. शिवाय तावी-तावीला धावपट्टी नव्हती, त्यामुळे वैमानिकांचा सराव बंद.

पंपरूमकाका:
तेलाचं मान्य. वैमानिकांचा मुद्दा लढाईच्या निकालाला लागू, जहाज बुडण्याला नाही. आणि अधिकाऱ्याला मी खलनायक ठरवत नाही. तीन महिन्यांचं जहाज, त्यावरची माणसं एकमेकांना नवीन, आणि वर अॅडमिरल विमानं उडवतोय. अशा वेळी इंजिनं सोडून बाकीची वीज तोडा, असं सांगायला छाती लागते. ओझावांना जहाजाबरोबर जायचं होतं, सहकाऱ्यांनी कसंबसं उतरवलं, मग हागुरो क्रूझरवर गेले. साडेचारच्या सुमाराला ताइहो बुडाली.

पानवेल्हाळ:
यातून जपानी काही शिकले का?

पंपरूमकाका:
शिकले. जुन्यो या दुसऱ्या विमानवाहूच्या दुरुस्तीत पेट्रोलच्या टाक्यांभोवतीच्या मोकळ्या जागेत काँक्रीट ओतलं. डिसेंबर १९४४ मध्ये तिला टॉर्पेडो लागले, तरी ती सासेबोपर्यंत पोचली. अर्थात तिच्यावरून उडवायला तोवर वैमानिक कुठे उरले होते!