शब्दचर्चा: ‘गुन्हेगार जमाती’ की ‘गुन्हेगार ठरवलेल्या’?

रानवारा: विमुक्तांवरच्या, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार म्हणून नोंदवलेल्या जमातींवरच्या, एका लेखाचा अनुवाद करतोय. 1871च्या कायद्याचं नाव मी ‘गुन्हेगार जमाती कायदा’ लिहिलं, संपादकांनी ‘गुन्हेगार ठरवलेल्या जमाती’ केलं. मूळ नावात ‘ठरवलेल्या’ कुठेच नाही. काय ठेवू?

शुद्धमती: आधी ‘गुन्हा’ काढा. फारसी आहे. ‘अपराध’ असताना उसनवारी कशाला?

चौकीवाला: मग ठाण्यात जाऊन ‘गुन्हा रजिस्टर नंबर’च्या गु.र.नं.चं अ.र.नं. करून घ्या की!

माळवी: हसू नका, आमच्या इंदूरला ‘अपराध क्रमांक’च लिहितात. घरात आई मात्र म्हणायची, “असा काय गुन्हा केलाय मी?”

बखरकर: पेशवाईच्या कागदांत ‘गुन्हेगारी’ म्हणजे चक्क दंडाची रक्कम. शिंदळकीबद्दल गुन्हेगारी वसूल व्हायची. पुढे इंग्रजांनी 1860च्या दंडसंहितेत व्यभिचार घातला, तो असा की दोषी फक्त परपुरुष, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! ते 497 कलम सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं 2018 साली.

शुद्धमती: बघा, गुन्हा गेला तरी अपराध उरलाच. ‘अपराध पोटात घाला’ आपण देवाला म्हणतो, फौजदाराला नाही.

चौकीवाला: अहो, वर तर तुम्हाला दोन्ही एकच वाटत होते!

सोलापूरकर: ‘ठरवलेल्या’ हवंच. आमच्या गावात सेटलमेंट फ्री कॉलनी आहे. माझी आजी सेटलमेंटातच, या जमातींना डांबायच्या वसाहतीतच, जन्मली. भोवती तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर पडायला पास. तिनं केलं काय होतं? नातवंडांच्या शाळेतल्या हजेरीलाही ती ‘पट’ म्हणायची. ‘हजेरी’ हा शब्द घरात काढायची सोय नव्हती.

रानवारा: दादा, मान्य. पण कायदा वाईट होता म्हणून त्याचं नाव आपण सुधारून द्यायचं? सरकारनं जे म्हटलं ते तसंच दिसू दे. अवतरणचिन्हांत टाकतो.

सोलापूरकर: मोठ्यानं वाचताना अवतरणचिन्हं ऐकू येतात का? 1952ला तो कायदा गेला, 1959ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगार कायदा आला. जमातीचं नाव गेलं. पण कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी त्याच वस्तीत.

माळवी: सराईत म्हणजे सरायांतून उतरणारा, फिरस्ता. आजोबा असंच सांगायचे.

बखरकर: आजोबांना नमस्कार, पण सराईत आचारी कुठल्या सराईत उतरतो? सराव, सरावणे, सराईत. सरळ आहे.

माळवी: सरळ आहे तर मधला ‘व’ कुठे गेला ते सांगा आधी.