मदत हवी आहे : कामोली–सान फ्रुत्तुओसो गोल ट्रेक, ६४ वर्षांच्या बाबांना साखळ्यांच्या वाटेने न्यावं का?

नमस्कार मंडळी,

मी इटलीत जेनोआत राहते, दोन वर्षं झाली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून येतायत तीन आठवड्यांसाठी, आणि बाबांनी आत्तापासूनच सांगून टाकलंय की चर्च आणि म्युझियम एक-दोन पुरेत, तू तो समुद्राच्या कडेचा फोटो पाठवला होतास ना तिथे मला चालत जायचंय. आता तो फोटो मी पाठवला होता पोर्टोफिनोच्या डोंगरावरून, आणि ती वाट साधी नाहीये म्हणून हा धागा.

ज्यांना भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लिहिते. जेनोआच्या पूर्वेला पोर्टोफिनोचं हे डोंगरी टोक समुद्रात घुसलंय, सगळ्यात उंच जागा ६१० मीटर, म्हणजे आकड्याने आपल्या सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही, पण दक्षिणेची बाजू जवळजवळ उभी पाण्यात उतरते. ट्रेनने कामोलीला उतरायचं, तिथून पायऱ्या पायऱ्यांनी सान रोक्को नावाच्या वाडीत यायचं (२२१ मीटर, इथेच घाम निघतो), मग कड्याच्या पोटातून बात्तेरिएपर्यंत. बात्तेरिए म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले तोफांचे काँक्रीटचे मोर्चे, अजून जागेवर आहेत. इथवर कोणीही येऊ शकतं. याच्या पुढे पाटी आहे की वाट फक्त अनुभवी लोकांसाठी, आणि तिथून घळींमधून खालीवर करत, काही ठिकाणी कातळाला लावलेल्या साखळ्या धरत सान फ्रुत्तुओसोला उतरायचं. तिथे बेनेडिक्टाईन साधूंचा जुना मठ आहे अगदी पाण्याला लागून, डोरिया घराण्याच्या समाध्या आहेत, गाडीरस्ता नाही, चालत नाहीतर बोटीने एवढंच. आणि गोल पूर्ण करायचा तर तिथून परत साडेचारशे मीटर चढून पिएत्रे स्त्रेत्तेला यायचं आणि जंगलातून सान रोक्को. कामोलीपासून कामोलीपर्यंत जेवण धरून मी आठ तास धरलेत.

आता मी स्वतः ही वाट पूर्ण केलेली नाही हे सांगायला हवं. जूनमध्ये ऑफिसच्या तिघांबरोबर गेले होते, साडेअकराला सान रोक्को सोडलं, माणशी एक लिटर पाणी, बात्तेरिएच्या पुढे पहिली साखळी बघेपर्यंत दोघींचं पाणी संपलं होतं आणि ऊन असं की कातळाला हात लावता येईना. परत फिरलो. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. पण म्हणूनच पुढचा भाग मला माहीत नाही आणि बाबांना घेऊन अंदाजाने जायचं नाहीये.

बाबांबद्दल : वय ६४, चाळीस वर्षं सह्याद्री. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड दोनदा, अलंग-मदन-कुलंग पन्नाशीत केलंय, हरिहर तर शेजाऱ्यांना दाखवायला नेतात. नजर फिरणे वगैरे प्रकार नाही. पण तीन वर्षांपासून डावा गुडघा उतरताना दुखतो, डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नाही, लांब उतार जपून करा म्हणालेत. आईला ट्रेक नको आहे, तिचं ठरलंय की ती कामोलीहून बोटीने मठापाशी येणार, डबा घेऊन, आणि आम्ही तिथे भेटणार.

तर प्रश्न असे : साखळ्यांचा भाग सह्याद्रीतल्या कशासारखा आहे? ओळखीचं नाव सांगितलंत तर मला बाबांशी बोलता येईल. गोल कुठल्या बाजूने करावा? आणि मध्येच नको वाटलं तर बाहेर पडायला वाट आहे का? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

प्रतिसाद

मी तोरिनोत असतो, ही वाट दोनदा केली आहे, एकदा मे मध्ये आणि एकदा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. हरिहरशी तुलना करू नका, हरिहरला पायऱ्या खोदलेल्या आहेत, खोबण्या आहेत, इथे तसं नाही. रतनगडाच्या त्र्यंबक दरवाजाच्या बाजूला कातळावरून आडवं जाताना जसं एका अंगाला मोकळं असतं तसं समजा, फक्त खाली दरीऐवजी समुद्र. साखळ्या मजबूत वाटल्या मला, पॅच लांब नाहीत, ज्याने एएमके (अलंग-मदन-कुलंग) केलंय त्याला हात-पाय कुठे ठेवायचा हे सांगावं लागणार नाही. दमवतं ते साखळ्यांमधलं अंतर, एक घळ उतरा, वर चढा, परत उतरा, मठ आला असं वाटतं आणि अजून एक सोंड पुढे उभी. गुडघ्याचा हिशोब तिथे करा. खुणा म्हणजे दोन लाल ठिपके, त्या सोडू नका, खाली समुद्राकडे जाणाऱ्या ढोरवाटांसारख्या पुसट वाटा फुटतात त्या कुठेच जात नाहीत.

प्रतिसाद

दगडाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपला बेसॉल्ट आणि हा दगड यात फार फरक आहे. पोर्टोफिनोच्या या दक्षिण बाजूचा दगड म्हणजे नदीतले गोटे एकमेकांना चिकटून झालेला थर, सिमेंटमध्ये गोटे रोवल्यासारखा दिसतो, इथले लोक पुदिंगा म्हणतात. कोरडा असेल तर बुटाला मस्त पकड मिळते, पण हाताने धरलेला एखादा गोटा निघून येऊ शकतो, म्हणून वजन टाकण्याआधी हलवून बघायचं. आणि वाटेवर सुटलेले गोटे पडलेले असतात, आपल्याकडचा घसारा असतो ना तसंच, पाय गोल फिरतो. ओल्या दगडावर मी जाणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका. ऑक्टोबर म्हणून सांगते, लिगुरियात, म्हणजे जेनोआच्या या किनारी प्रांतात, शरद ऋतूतला पाऊस भयंकर असतो, जेनोआत २०११ च्या नोव्हेंबरात आणि २०१४ च्या ऑक्टोबरात पूर आलेत ते तुम्हाला ऑफिसात कोणीही सांगेल. हवामानाचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा आदल्या दिवशी बघायचा आणि पिवळा असला तरी या वाटेचं नाव काढायचं नाही. आदल्या रात्री पाऊस पडून सकाळी लख्ख ऊन पडलं तरी घळी ओल्याच असतात.

प्रतिसाद

बोटीबद्दल. आईंची कल्पना छान आहे, माझ्या सासूबाईंना आम्ही असंच नेलं होतं, वाटेत पुंता क्याप्पाला बोट थांबते, कडा खालून दिसतो तो वरून दिसण्यापेक्षा भारी. पण समुद्र खवळला की बोट सुटत नाही, किंवा सकाळी सुटते आणि दुपारची रद्द होते. आकाश निळं असताना पण होतं हे, लाट लांबून आलेली असते. आमची दुपारची बोट अशीच रद्द झाली होती आणि सासूबाईंना घेऊन पोर्टोफिनोच्या बाजूने पायी निघालो, ती वाट सोपी आहे पण त्यांच्या पायात चपला होत्या. त्यामुळे आईंना बूट घालूनच बोटीत बसवा. मोसम संपत आला की फेऱ्याही कमी होतात, शेवटची बोट किती वाजता ते धक्क्यावर विचारून ठेवा.

धागाकर्ती

खूप खूप आभार तिघांचे. बोट रद्द झाली तर काय हा विचार मी केलाच नव्हता, माझ्या डोक्यात बोट म्हणजे पीएमटीची बस होती. म्हणजे मी ज्याला बाहेर पडायची वाट समजत होते तीच समुद्रावर अवलंबून आहे, आणि ज्या दिवशी समुद्र वाईट त्या दिवशी आई पण तिथे नसेल आणि बाबांपुढे साडेचारशे मीटरचा चढ असेल.

काल बाबांशी फोनवर बोलले. मी सगळं वाचून दाखवलं. गोट्यांच्या दगडाचं ऐकून थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले चढाची काळजी करू नकोस, चढायला गुडघा तक्रार करत नाही, उतरताना करतो. आणि मग त्यांनीच विचारलं की उलट्या बाजूने केलं तर? मला ते पटत नाहीये, कारण मग पिएत्रे स्त्रेत्तेवरून मठापर्यंत सलग लांब उतार गुडघ्यावर येतो आणि साखळ्या शेवटी दमल्यावर येतात. कोणी उलट केलंय का?

प्रतिसाद

(तोरिनोवाला) उलट करू नका, तुमचं बरोबर आहे. साखळ्या सकाळी, ताज्या पायांनी. परतीचा चढ खोलगट जंगलातून आहे, सावली असते, तासाभरापेक्षा जास्त वेळ द्या आणि बसत बसत चढा. वर आल्यावर सान रोक्कोपर्यंत चेस्टनटची पानं पडलेली असतात, ऑक्टोबरात वाट झाकून जाते, खालचा दगड दिसत नाही, तिथे काठी वापरा. साखळ्यांवर मात्र काठ्या सॅकला बांधा, हातात लटकवून ठेवू नका. मध्येच बाहेर पडायचं म्हणाल तर बात्तेरिएनंतर माझ्या माहितीची एकच खरी वाट, मागे फिरणे. म्हणून पहिल्या साखळीपाशी थांबून बाबांना एकदा जाऊन परत यायला सांगा. परत येताना ते कसे येतात ते बघा, जाताना नाही. आणि अडचण आली तर ११२, पण घळींमध्ये फोनला रेंज जाते हे लक्षात ठेवा.

धागाकर्ती

हे पहिल्या साखळीवर जाऊन परत यायचं फारच पटलं. बाबा स्वतः क्लबच्या नव्या मुलांना हेच करायला लावायचे, त्यांना वाईट वाटणार नाही.

आता ठरलंय ते असं. एक दिवस नाही, तीन दिवस मोकळे ठेवतेय, त्यातला ज्याच्या आधी दोन दिवस पाऊस नाही तो घ्यायचा. सातच्या ट्रेनने कामोली. माणशी अडीच लिटर पाणी. त्या सुमारास सूर्य पावणेसातला मावळतो, त्यामुळे दोन वाजेपर्यंत मठापासून चढायला सुरुवात झाली नाही तर बोट असल्यास आईबरोबर बोटीने परत, गोल अर्धा राहिला तरी चालेल. दुपारच्या बोटींचं नक्की नसेल तर आई त्या दिवशी कामोलीतच थांबेल, आणि आम्ही दोघं बात्तेरिएपर्यंत जाऊन परत येऊ. हे बाबांना सांगितलं, ते हो म्हणाले, फक्त डबा मग आमच्याकडे द्या म्हणाले.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. बाबा अँकल बूट आणणार की त्यांचे नेहमीचे रबरी सोलचे अ‍ॅक्शनचे, ज्यावर त्यांनी अर्धा सह्याद्री केलाय? गोट्यांच्या दगडावर पातळ सोल टोचतो का? पुण्यातून निघायला अजून बारा दिवस आहेत, नवे घ्यायचे तर आत्ताच घेऊन पर्वतीवर चालून मऊ करायला हवेत.