कमबॅकला 'पुनरागमन' चालेल का?

अर्धविराम: गायिका शेर (सिंह नव्हे, गझलेतला तर नव्हेच) हिच्यावरचा लेख मराठीत करतेय. १९९८ला 'बिलीव्ह' हे गाणं आलं आणि ५२व्या वर्षी तिचा 'कमबॅक' झाला. मी 'पुनरागमन' लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात लाल पेनाने विचारलंय, "गेली कुठे होती?" काय लिहू?

वेलांटी: बाईंचं बरोबर आहे. 'पुनरागमनाय च' आपण विसर्जनाच्या वेळी म्हणतो. हिचं विसर्जन झालं कधी? १९८८ला ऑस्कर, १९८९ला 'इफ आय कुड टर्न बॅक टाइम' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर.

रुकार: पण तिथल्या यादीत १९७४च्या 'डार्क लेडी'नंतर पहिला क्रमांक मिळाला तो थेट मार्च १९९९मध्ये. 'पहिल्या क्रमांकावर पुनरागमन' लिहा, प्रश्न मिटला.

जुनी_तबकडी: 'कात टाकली' लिहा हो! साठच्या दशकात नवरा सनी बोनोबरोबरची जोडगाणी, १९७९ला डिस्को, मग रॉक, मग हे नाचाचं. ही कात संस्कृत 'कृत्ति'वरून, म्हणजे कातडं. पानातला तो कात वेगळा.

वेलांटी: पन्नाशीच्या बाईने 'कात टाकली' म्हटलं की वाचकाचं लक्ष गाण्यावर राहत नाही, कातडीवर जातं.

रुकार: मग कमबॅकच ठेवा. 'चार्ट' चालतो, 'हिट' चालतं, कमबॅकनेच काय घोडं मारलंय? फक्त 'तिचं कमबॅक' करा. ते कमबॅक.

जुनी_तबकडी: ते?? आम्ही जन्मभर 'तो कमबॅक' म्हणतोय.

अर्धविराम: बरं, पुढचं वाक्य. त्या गाण्यात आवाज मध्येच यंत्रासारखा तुटतो, त्याला 'हरकत' म्हणू?

जुनी_तबकडी: माझी हरकत आहे. हरकत गळ्यातून निघते. इथे ऑटोट्यून या सॉफ्टवेअरने सूर दुरुस्त करण्याचा वेग टोकाला नेलाय, त्यामुळे आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जात नाही, टुणकन उडी मारतो. मींड कापून टाकलेली, दुसरं काय.

वेलांटी: हरकत मुळात अरबी, अर्थ हालचाल. म्हणजे उडीलाही चालावा. आक्षेपाचा अर्थ तिला कसा चिकटला, ते कुणी सांगेल का?

रुकार: काम चालू असताना मध्येच कुणी हलला, की अडथळा. माझा अंदाज.

जुनी_तबकडी: अंदाजाने व्युत्पत्ती होत नसते.

अर्धविराम: मंडळी, मजकूर उद्या सकाळी द्यायचाय. कमबॅकचं काय?

रुकार: तो की ते, हे आधी ठरू दे.