जीआयच्या टाकीत मासे सोडायचेत, आतून कुठला कोट मारू?

कोपरखैरणेकर
नमस्कार मंडळी, आमचं रो हाऊस आहे, खाली ओट्यावर जुनी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची) टाकी पडून आहे, चार बाय दोन बाय दोन फूट. गप्पी आणि चार-पाच गोल्डफिश सोडायचा विचार आहे. आत वेल्डिंगच्या जोडाला गंज आलाय आणि बाकी पत्र्यावर पांढरी पूड सुटते. हार्डवेअरवाला म्हणाला रेड ऑक्साइड मारा, वरून टेरेसचं वॉटरप्रूफिंग मारा, दोन दिवसांनी पाणी भरा. गणपतीला पाहुणे येणारेत, त्याच्या आत झालं तर बरं. चालेल का हे?

वागळे_पेंटर
अजिबात नको. टेरेसचं कोटिंग पावसासाठी असतं, चोवीस तास पाण्यात बुडून राहायला नाही, आणि शेवाळ-बुरशी येऊ नये म्हणून बऱ्याच डब्यांत औषध घातलेलं असतं, ते माशांच्या पाण्यात उतरणार. रेड ऑक्साइड तेलातला असेल तर जस्ताशी त्याची रिअ‍ॅक्शन होऊन खाली साबणासारखा थर बनतो आणि रंग पापड्या होऊन सुटतो. डांबर, कोल टार असलं काही तर नकोच.
दोन भाग मिसळायचा सॉल्व्हंट-फ्री (थिनर नसलेला) इपॉक्सी रंग घ्या, पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठीचा. डब्यावर नुसतं फूड ग्रेड लिहिलंय म्हणून घेऊ नका, सर्टिफिकेट मागा, आपल्याकडे म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्न संशोधन संस्थेचं दाखवतात, इम्पोर्टेड असेल तर एनएसएफ ६१, म्हणजे पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या मालाचं अमेरिकन मानक. तुमची टाकी आतून साधारण ३२ चौरस फूट भरते, दोन जाड कोटांना दीड लिटरच्या आसपास माल लागेल.

गप्पीप्रेमी_ठाणे
कोट मारायचाच कशाला, आमच्या शेजाऱ्यांकडे जीआयच्या पिंपात मासे मजेत आहेत.

वागळे_पेंटर
असतील, जुन्या पिंपावर आतून क्षारांचा थर बसलेला असतो म्हणून निभावतं. पण पांढरी पूड सुटतेय म्हणजे इथे जस्त उघडं आहे. आपलं धरणाचं पाणी मऊ, आणि मऊ पाण्यात जस्त माशांना जास्त बाधतं, आधी कल्ल्यांवर परिणाम होतो, मासे वर येऊन तोंड उघडत बसतात आणि आपल्याला वाटतं ऑक्सिजन कमी पडला.
आता कामाचं सांगतो. खरं काम घासण्याचं आहे, रंग मारणं त्यामानाने सोपं. गंज वायर ब्रशने पार काढा, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळा पत्रा खरखरीत करा, चकचकीत जागा एकही ठेवू नका. मास्क लावून, ती पूड नाकात जायला नको. नंतर थिनरने पुसायचं आणि पुढे हात लावायचा नाही. जीआयला इपॉक्सी धरायला बहुतेक कंपन्या वेगळा प्रायमर देतात, तो त्याच कंपनीचा घ्या. जोडांवर आणि कोपऱ्यांत आधी ब्रशने एक हात, मग सगळीकडे. दोन कोट दोन वेगळ्या रंगांचे मारले तर राहिलेली जागा लगेच दिसते. मिसळलेला माल अर्ध्या-पाऊण तासात घट्ट व्हायला लागतो, थोडा थोडाच बनवा, प्रमाण डब्यावरचं, अंदाजाने नाही.

नेरुळ_अ‍ॅक्वा
पेंटरदादांशी सहमत, पण गणपतीआधी हे होणार नाही. हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असताना इपॉक्सीवर चिकट तवंग येतो, त्याच्यावर दुसरा कोट धरत नाही, कोमट पाण्याने धुऊन परत घासायला लागतं. सध्या आपल्याकडे भिंतीसुद्धा घामेजल्यात. दसरा होऊ द्या. शेवटच्या कोटनंतर निदान सात दिवस टाकी कोरडी ठेवा, हाताला वाळला म्हणजे आतून पक्का झाला असं नसतं. मग पाणी भरून दोन दिवस ठेवायचं, फेकायचं, परत भरायचं, वास पूर्ण जाईपर्यंत. शेवटच्या पाण्यात अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध), आणि पहिल्यांदा गप्पीच, गोल्डफिश मागाहून. आणि हो, कोटच्या आधी आत सिलिकॉन भरू नका, त्याच्यावर काहीही चिकटत नाही.

कोपरखैरणेकर
बापरे, एवढा कुटाणा आहे होय. गणपतीपुरता काही जुगाड?

नेरुळ_अ‍ॅक्वा
शेततळ्याला टाकतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आत अंथरा. कडक असतो, कोपऱ्यांत घड्या नीट बसत नाहीत, पण पत्र्याचा आणि पाण्याचा संबंध तुटतो. गंजाची टोकं घासून खाली जुनी सतरंजी टाका नाहीतर कागद फाटेल. ईपीडीएम रबराचा मिळाला तर सोन्याहून पिवळं, मग इपॉक्सी मारायची पण गरज नाही.

वागळे_पेंटर
हे चालेल. फक्त टाकी भरायच्या आधी जागा ठरवा, साडेचारशे लिटर म्हणजे साडेचारशे किलो, नंतर सरकत नाही.

कोपरखैरणेकर
ओट्यावरच ठेवतो, खाली भराव पक्का आहे. उद्या तुर्भ्याला जाऊन कागद बघतो, तीन मीटर बाय अडीच मीटर पुरेल ना?

नेरुळ_अ‍ॅक्वा
पुरेल, काठावरून बाहेर दुमडायला पण उरेल.