सिनर-अल्कराझनंतर तिसरा कोण? फोन्सेका, मेन्शिक, टीएन की आणखी कुणी

बेसलाइन_बापू
2024 आणि 2025 ची आठही ग्रँड स्लॅम दोघांनीच वाटून घेतली. चार यानिक सिनरची, चार कार्लोस अल्कराझची. त्यांच्या आधीच्या पिढीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 1990 च्या दशकात जन्मलेल्यांपैकी पुरुष एकेरीचं ग्रँड स्लॅम जिंकलं ते फक्त थीम (2020) आणि मेदवेदेव (2021) यांनी, तेही एकेकच. म्हणजे मधली फळी संपल्यात जमा. जो कोणी येणार तो खालूनच.

माझं नाव जोआओ फोन्सेका. जन्म ऑगस्ट 2006. डिसेंबर 2024 ला जेद्दाहमध्ये नेक्स्ट जेन (विशीपर्यंतच्या पोरांची वर्षअखेरची स्पर्धा) जिंकलं. लगेच जानेवारीत पात्रता फेरीतून येऊन मेलबर्नला, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपनला, नववा मानांकित रुब्लेव्ह सरळ सेटमध्ये. फेब्रुवारीत ब्युनोस आयर्स, ऑक्टोबरात बासेल. यातल्या शेवटच्या दोन विजेतेपदांकडे नीट बघा. एक संथ लाल मातीवरचं, दुसरं छताखालच्या हार्ड कोर्टवरचं. एकोणिसाव्या वर्षापर्यंत ही दोन्ही टोकं जमलेली पोरं फार नसतात. फोरहँडबद्दल तर बोलायलाच नको.

पेठेतला_लेफ्टी
फोरहँडबद्दलच बोलूया की बापू. रुब्लेव्हला हरवला हे सांगितलंस, पुढच्याच फेरीत सोनेगोनं पाच सेटमध्ये घालवला ते गिळलंस. मोठ्या फोरहँडवाल्याला वरचे खेळाडू फोरहँडवर हरवत नाहीत. आधी चेंडू लांब फोरहँडच्या कोपऱ्यात टाकतात, तो पळत तिकडं गेला की मागं उघड्या पडलेल्या बॅकहँडवर दुसरा. शॉट थांबवून फोरहँडसाठी वळायला जो अर्धा सेकंद लागतो तो सिनरसमोर मिळत नाही. म्हणून मी फोरहँड बघत नाही, दोन आकडे बघतो: दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेले गुण आणि परतीच्या खेळात मोडलेले, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकलेले गेम. सिनर या दोन्हीकडे टूरवर अगदी वरच्या रांगेत असतो. बाकीच्यांचं एक बाजूचं पारडं तरी हलकंच.

माझा माणूस लर्नर टीएन. डावखुरा, जन्म डिसेंबर 2005, 2025 च्या मध्यापासून कोच मायकल चँग. सर्व्हिस मोठी नाही, पण ॲड कोर्टवरून (आपल्या डाव्या अर्ध्यातून) बाहेर वळणारी स्लाइस टाकली की उजव्या हाताचा खेळाडू बॅकहँडसाठी कोर्टच्या बाहेर जातो आणि पुढचा फटका मोकळ्या मैदानात. शिवाय टीएन चेंडू उसळताना घेतो, म्हणून ताकद उसनी मिळते. 2025 ला मेलबर्नला मेदवेदेवला पाच सेटमध्ये काढलं, सामना पहाटे तीनच्या सुमारास संपला. वर्षअखेर मेट्झ आणि नेक्स्ट जेन दोन्ही त्याचंच.

बेसलाइन_बापू
आणि बीजिंगची फायनल? सिनरनं 6-2, 6-2. उसनी ताकद सावकारानं परत मागितली की काय होतं ते तिथं दिसलं.

रंकाळा_रिटर्न
तुम्ही दोघं सर्व्हिस सोडून सगळं बोलताय. याकुब मेन्शिक बघा. सप्टेंबर 2005 चा, उंची सहा फूट चारच्या पुढं. मायामी 2025 ला गेला तेव्हा क्रमवारीत 54 वा. पहिल्या सामन्याआधी गुडघा इतका सुजला होता की माघारीचा कागद तयार होता. रेफ्री जेवायला गेलेले, म्हणून फिजिओकडं गेला आणि खेळला. मग ड्रेपर, फिस, फ्रिट्झ आणि फायनलला जोकोविच 7-6, 7-6. बिनतोड सर्व्हिस हा विमा आहे. 30-40 वर, गेम जायच्या बेतात असताना, एक दणका बसला की मागचे चार वाईट फटके माफ. विशीच्या आतल्या पोराला नेमकं हेच लागतं, कारण गेम हातातून सुटल्यावर सावरायचं कसब सगळ्यांत शेवटी येतं.

(फिस हाच उच्चार. 'फिल्स' म्हणणाऱ्यांनी कृपया थांबावं.)

पेठेतला_लेफ्टी
मायामीत मेन्शिक सात टायब्रेक (सेट 6-6 झाल्यावरचा निर्णायक गेम) खेळला आणि सातही जिंकला. आता हिशोब करा. प्रत्येक टायब्रेक जिंकायची शक्यता 60 टक्के धरली, जी भरपूर झाली, तरी सलग सात जिंकण्याची शक्यता तीन टक्क्यांच्याही खाली. 70 टक्के धरा, तरी आठच्या आसपास. म्हणजे तो आठवडा खराच, पण दरवर्षी परत येणारा नव्हे. खासबागेत गुणांवर सुटलेल्या कुस्तीला निकाली म्हणत नाहीत. परतीचा खेळ सुधारून समोरच्याला सेटमध्ये दोनदा मोडायला लागेल तेव्हा मी मेन्शिकचं नाव घेईन.

रंकाळा_रिटर्न
हिशोब बरोबर, पण एक गोष्ट निसटली. टायब्रेकमध्ये ज्याची पहिली सर्व्हिस जास्त आत पडते त्याची शक्यता इतरांसारखी राहत नाही. फायनलला समोर जोकोविच होता, ज्याच्याविरुद्ध टायब्रेक म्हणजे बहुतेकांना शिक्षाच. तिथं दोन्ही काढले. सात नाण्यांची फेक म्हणून ते मोडीत काढू नका.

गुडघा_आणि_खांदा
सगळ्यांच्या यादीत शरीराचा रकाना कुठाय? आर्थर फिस 2025 च्या फ्रेंच ओपनमध्ये तिसऱ्या फेरीआधी बाहेर. कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर, आणि उरलेलं जवळपास सगळं वर्ष त्यातच गेलं. जॅक ड्रेपर इंडियन वेल्स जिंकला आणि त्याच वर्षी डाव्या दंडाच्या हाडाच्या दुखापतीनं यूएस ओपनच्या दुसऱ्या फेरीआधी थांबला. होल्गर रुनचा टाचेचा अकिलीस ऑक्टोबरात स्टॉकहोमला तुटला. तिघंही 24 च्या आतले.

कमरेचं कारण सांगतो. सर्व्हिसला पाठ मागं वाकते आणि त्याच क्षणी वळते. हा दुहेरी ताण मणक्याच्या मागच्या कमानीतल्या अरुंद हाडावर येतो, आणि विशीच्या आत ते हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. किक (टप्पा पडून उंच उसळणाऱ्या) सर्व्हिससाठी चेंडू डोक्याच्या मागं उडवला की वाक आणखी वाढतो. त्यात आठवड्यामागून आठवडा कोर्ट बदलत राहतं. क्रमवारी 52 आठवड्यांची असल्यामुळं जिंकलेले गुण पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात गळतात, म्हणून पोरं दुखरं अंग घेऊन तीच स्पर्धा पुन्हा खेळतात. फोन्सेकाकडं वेगवान फोरहँड आहे, मान्य. पण तो ज्या जोरानं धड फिरवतो, ते पाच सेटच्या सात सामन्यांत कितीदा करता येईल हाच खरा प्रश्न.

बेसलाइन_बापू
अल्कराझनं 2022 च्या यूएस ओपनला 19 व्या वर्षी केलं की. चिलिच, सिनर, टियाफो, ओळीनं तीन पाच-सेटर. सिनरविरुद्धचा सामना सव्वापाच तासांचा, मध्यरात्रीनंतर 2.50 ला संपलेला. मग फायनलला रूडला चार सेटमध्ये हरवून सगळ्यांत तरुण अव्वल क्रमांक.

गुडघा_आणि_खांदा
अपवाद काढून नियम मोडत नाही बापू. तोच अल्कराझ नंतर सर्व्हिसची हालचाल बदलत बसला, 2025 च्या सुरुवातीला मधला थांबा काढून ती सलग केली. एवढा मोठा खेळाडू झाल्यावरही सर्व्हिस सुधारावी लागते, तर बाकीच्यांचं काय.

तिठ्ठ्यावरचा_अंपायर
वयाचा नाद सोडा हो. व्हॅलेंटिन वाशेरो. मोनॅकोचा, क्रमवारीत 204 वा, शांघायच्या पात्रता फेरीत राखीव म्हणून आत आला. जोकोविचला हरवून फायनलला आपल्याच मावसभावाला, रिंडरनेशला, हरवून मास्टर्स (ग्रँड स्लॅमच्या खालोखालची स्पर्धा) जिंकला. तेव्हा वय 26, अमेरिकन कॉलेजमधून आलेला. हाच माणूस फेब्रुवारी 2024 ला पुण्यात बालेवाडीला चॅलेंजर (मुख्य टूरच्या खालच्या पायरीची स्पर्धा) जिंकून गेला होता. आपल्या कोल्हापूरहून पुणे-बेंगळुरू हायवेनं चार-साडेचार तासांवर होता राव, तेव्हा किती जण बघायला गेले?

कॉलेजची वाट खुळी नाही. शेल्टन फ्लोरिडाकडून कॉलेज विजेता होऊन आला. टीएननंही एक सत्र केलं. उलट फोन्सेकानं व्हर्जिनियाचा प्रवेश सोडून 2024 ला व्यावसायिक व्हायचं ठरवलं. फोन्सेकाला परवडलं, कारण त्याच्याकडं आधीच यूएस ओपन ज्युनियर (2023) होतं. बाकीच्यांसाठी तळाची एम-15 स्पर्धा म्हणजे एकूण बक्षीस 15,000 डॉलर, विजेत्याला 15 गुण, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दीडशे डॉलरच्या आसपास. कोचचं तिकीट सोडाच, हॉटेलही निघत नाही.

रंकाळा_रिटर्न
एटीपीनं (पुरुष टेनिसची टूर चालवणारी संघटना) 2024 पासून पहिल्या 250 जणांना किमान उत्पन्नाची हमी दिलीय, पहिल्या शंभरात तर वर्षाला तीन लाख डॉलर. त्यानं वरचे तग धरतील. पण 251 व्या क्रमांकाखालचं आपलं पोरगं तसंच उघड्यावर. पुण्याचा मानस धामणे इटलीत बोर्डिघेराला प्रशिक्षक पियाटींच्या अकादमीत सराव करतो, जिथं सिनर घडला. वाट आहे, पण लई खर्चाची.

गुडघा_आणि_खांदा
इथल्या पालकांसाठी दोन गोष्टी, विषय निघालाच आहे म्हणून. बारा वर्षांच्या पोराच्या रॅकेटला पूर्ण पॉलिएस्टर तार घालू नका. ती कडक असते, लवकर मरते आणि मेल्यावर सगळा धक्का कोपराला देते. मऊ मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांची तार) घाला. किक सर्व्हिस घाईनं शिकवायची नाही, आधी सपाट आणि स्लाइस, चेंडू डोक्याच्या पुढंच उडवून. आणि दहा वर्षांपर्यंत पिवळा चेंडू नको. हिरव्या ठिपक्याचा चेंडू पिवळ्यापेक्षा 25 टक्के संथ असतो, नारिंगी 50. पोर पिवळ्यावर खेळलं की चेंडू डोक्यावर उसळतो आणि पकड उगच टोकाची वळते, ती पुढं सुटता सुटत नाही.

पेठेतला_लेफ्टी
आणि आपल्या शहराचा चेंडू जरा उडतो हे ध्यानात घ्या. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, माद्रिद साडेसहाशेच्या आसपास. मुंबईहून आलेल्या पोराचे फटके इथं हातभर लांब जातात. तार अर्धा-एक किलोनं घट्ट करा, फार तर.

तालमीतला_बॉलबॉय
आपल्याकडं लाल माती म्हटली की तालमीची. तेल, ताक, हळद घालून मळलेली. युरोपात क्ले म्हणजे माती नव्हेच, दळलेली वीट! रोलँ गॅरोला, म्हणजे फ्रेंच ओपनला, तर वर फक्त एक-दोन मिलिमीटर विटेची भुकटी, खाली चुनखडी, त्याखाली कोळशाची राख आणि खडी. पाणी लगेच निचरतं म्हणून पावसानंतर खेळ पुन्हा सुरू होतो. आपल्या जूनच्या पावसापुढं मात्र ते टिकेल असं वाटत नाही.

बेसलाइन_बापू
बरं, शरीराचा मुद्दा पटला, मेन्शिकचा टायब्रेकचा हिशोबही. नाव बदलत नाही, मुदत बदलतो: फोन्सेका, 2028. टीएन वरच्या दहांत राहील, ट्रॉफी उचलणार नाही.

रंकाळा_रिटर्न
मेन्शिकचे मायामीचे 1000 गुण मार्च 2026 अखेर गळतील. तेव्हा हा धागा वर काढा.